दोन कॉम्प्रेसर, एक मेकॅनिक: मार्कोव्ह मॉडेलची साधनं नवख्यांसाठी

देवगड बंदराजवळ माझ्या मामाचा बर्फाचा कारखाना आहे. दोन अमोनिया कॉम्प्रेसर, एक ब्राइनची टाकी, लाद्या फोडायचं एक यंत्र, बास. दोन्ही कॉम्प्रेसर एरवी निम्म्या भारावर चालतात. एक बंद पडला तर दुसरा सगळा भार ओढतो आणि निभावून जातं. दोन्ही बंद पडले की मात्र ट्रॉलरवाल्यांचे फोन सुरू होतात. एकदा मामानं विचारलं, "इंजिनेर ना तू, मग सांग बघू, वर्साक किती तास ह्यो कारखानो पुरो बंद रवतलो?"

मी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला. एक कॉम्प्रेसर सरासरी १,००० तास चालतो, मग बिघडतो, दुरुस्तीला ५० तास जातात. म्हणजे एक यंत्र बंद सापडण्याची शक्यता ५० भागिले १,०५०, साधारण ०.०४७६. दोन्ही बंद सापडण्याची शक्यता या आकड्याचा वर्ग, ०.००२२७. वर्षाचे ८,७६० तास धरले तर सुमारे २० तास. मामानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "पण मेकॅनिक एकच मां? दोगय बिघडले तर एकाक थांबूकच होया."

माझा हिशेब तिथेच कोसळला. शक्यतांचा गुणाकार करताना मी गृहीत धरलं होतं की प्रत्येक यंत्राला स्वतःचा मेकॅनिक आहे. एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या दुरुस्तीसाठी खोळंबते, हे त्या गुणाकारात मावतच नाही. असं मावत नाही तिथे मार्कोव्ह मॉडेल लागतं: यंत्रणेच्या अवस्था आणि एकीतून दुसरीत जाण्याचे दर मांडणारं गणित. अशा मांडणीला मार्कोव्ह साखळीही म्हणतात. मेकॅनिक एकच धरून नीट गणित केलं तर उत्तर जवळपास ४० तास येतं, म्हणजे दुप्पट.

हा लेख अशा मॉडेलसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं आणि कसं वापरावं याबद्दल आहे. उदाहरण शेवटपर्यंत मामाच्या कारखान्याचंच ठेवतो. आकडे हाताने तपासता यावेत म्हणून गोल करून घेतले आहेत. तुमच्याकडे पाणीयोजनेचे दोन पंप असतील, फेरीबोटीची दोन इंजिनं असतील किंवा हॉटेलचा इन्व्हर्टर आणि जनरेटर असेल, सांगाडा तोच राहतो.

पहिली पायरी: संगणक बंद ठेवा

कागद घ्या आणि यंत्रणेच्या अवस्था लिहा. आपल्याकडे तीन आहेत: दोन चालू, एक चालू, शून्य चालू. प्रत्येकीभोवती गोल काढा. आता बाण. 'दोन चालू'कडून 'एक चालू'कडे जाणारा बाण बिघाडाचा. त्याचा दर ताशी ०.००२, कारण दोन यंत्रं चालू आहेत आणि प्रत्येकाचा बिघाडाचा दर ताशी ०.००१ आहे. 'एक चालू'कडून 'शून्य चालू'कडे ०.००१. उलट दिशेचे बाण दुरुस्तीचे. ५० तासांची दुरुस्ती म्हणजे दर ताशी ०.०२, आणि मेकॅनिक एकच असल्यामुळे 'शून्य'कडून 'एक'कडे येणारा बाणही ०.०२ चाच. मेकॅनिक दोन असते तर तो ०.०४ झाला असता. मामाच्या प्रश्नाचं मर्म या एका बाणात आहे.

पुस्तकांत बिघाडाच्या दराला लॅम्डा आणि दुरुस्तीच्या दराला म्यू म्हणतात. दर म्हणजे शक्यता नव्हे, ही गोष्ट नवख्यांना सुरुवातीला हमखास चकवते. ०.०२ हा 'ताशी' आहे. वर्षाच्या एककात तोच १७५ होतो आणि त्यात काही चूक नाही.

आकृती काढताना यंत्र चालवणारा माणूस शेजारी बसवा. मी ती एकट्याने काढली होती तेव्हा मेकॅनिक कुठून येतो हे मला माहीतच नव्हतं. मामाकडे विचारलं तेव्हा उत्तर आलं, "कोल्हापूरसून येतलो. घाट बंद असलो तर दोनाचे चार दिस धर." फोंडा घाटात दरड कोसळली की दुरुस्तीचा दर निम्म्यावर येतो, हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेत सापडणार नाही.

दुसरी पायरी: दर वहीतून काढा

मामाचा ऑपरेटर पुठ्ठ्याच्या वहीत रोजची नोंद ठेवतो: किती वाजता चालू, किती वाजता बंद, काय झालं. मासेमारीबंदीचे १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस सोडले तर हंगामात ७,२९६ तास उरतात. दोन यंत्रांचे मिळून १४,५९२ यंत्रतास. त्यात १५ बिघाड सापडले तर दर ताशी ०.००१०३. गोल करून ०.००१. एवढंच. बिघाडांची संख्या भागिले चाललेले तास.

इथे दोन सापळे आहेत. यंत्र बंद असतानाचे तास भाजकात घेऊ नका. (वर सोपेपणासाठी मी ते वजा केले नाहीत; १५ बिघाडांचे ७५० तास वजा केले तर दर ०.००१०८, गोल करून ०.००१ च.) आणि एखादा बिघाड वहीत एकदाही दिसला नाही म्हणून त्याचा दर शून्य लिहू नका. टी तासांत शून्य घटना दिसल्या असतील, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की खरा दर ३ भागिले टी पेक्षा जास्त नाही. एका हंगामात वीज पडून दोन्ही यंत्रं एकदम गेली नसतील, तरी त्या घटनेचा दर ताशी ०.०००४ पर्यंत असू शकतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुरुस्तीची सरासरी काढताना यंत्र बंद पडल्यापासून ते पुन्हा थंडावा देईपर्यंतचा सगळा वेळ धरा. पाना हातात घेतल्यापासून मोजणं ही मेकॅनिकची पद्धत. कारखान्याच्या दृष्टीने घड्याळ यंत्र बंद पडल्या क्षणी सुरू होतं.

तिसरी पायरी: तक्ता

आकृतीतले बाण आता तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या तक्त्यात भरायचे. क्रम 'दोन, एक, शून्य' असा ठेवू. पहिली ओळ: उणे ०.००२, ०.००२, ०. दुसरी: ०.०२, उणे ०.०२१, ०.००१. तिसरी: ०, ०.०२, उणे ०.०२. कर्णावरची प्रत्येक संख्या म्हणजे त्या अवस्थेतून बाहेर जाणाऱ्या दरांची बेरीज, उणे चिन्हासह. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य यायलाच हवी. येत नसेल तर पुढे जाऊ नका, बाण विसरला आहात.

काही पुस्तकं आणि काही सॉफ्टवेअर हाच तक्ता आडवा करून, म्हणजे ओळींच्या जागी स्तंभ घेऊन लिहितात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, मिसळल्या की उत्तर चुकीचं येतं, आणि ते चुकीचं उत्तर दिसायला अगदी सज्जन असतं. म्हणून नवं साधन हाती घेतलं की आधी हेच तीन अवस्थांचं उदाहरण त्यात घालून बघा.

हाताने उत्तर असं निघतं. दीर्घकाळात 'एक चालू'ची शक्यता 'दोन चालू'च्या ०.००२ भागिले ०.०२, म्हणजे ०.१ पट. 'शून्य चालू'ची 'एक चालू'च्या ०.०५ पट. 'दोन चालू'ला १ मानलं तर बेरीज १ + ०.१ + ०.००५ = १.१०५. म्हणून 'शून्य चालू'ची शक्यता ०.००५ भागिले १.१०५ = ०.००४५२. वर्षाला ३९.६ तास, फक्त हंगाम धरला तर ३३ तास. पुढे जे काही साधन वापराल त्याने तुम्हाला ०.००४५२ हा आकडा परत दिला पाहिजे. हा तुमचा वजनकाटा.

चौथी पायरी: स्प्रेडशीट

थेट पायथनसारख्या प्रोग्रामिंगच्या भाषेकडे धावू नका असं माझं मत आहे. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क उघडा. पहिल्या ओळीत १, ०, ० लिहा: हंगामाच्या सुरुवातीला दोन्ही यंत्रं चालू. पुढची प्रत्येक ओळ म्हणजे एक तास. नवी संख्या = जुनी संख्या + त्या अवस्थेत आत आलेलं − बाहेर गेलेलं. पहिल्या तासानंतर ०.९९८, ०.००२, ०. दुसऱ्यानंतर ०.९९६०४४, ०.००३९५४, ०.०००००२. प्रत्येक ओळीची बेरीज १. सूत्र खाली ओढत न्या. पाचशे-सहाशे ओळींनंतर आकडे जवळजवळ हलेनासे होतात आणि शेवटच्या स्तंभात ०.००४५२ येऊन बसतं.

ही भाबडी पद्धत आहे, पण यात अवस्थांमधून शक्यता कशी वाहते ते डोळ्यांनी दिसतं. जोवर सगळ्यात मोठा दर गुणिले एका पावलाचा वेळ ही संख्या १ पेक्षा बरीच लहान आहे, तोवर ती चालते. इथे ०.०२१ गुणिले १ तास, काही अडचण नाही. एखादा दर सेकंदांत घडणाऱ्या गोष्टीचा असेल, उदाहरणार्थ जनरेटरवर आपोआप बदल होणं, तर एक तासाचं पाऊल टाकताच आकडे उणे-अधिक उड्या मारायला लागतात. तेव्हा स्प्रेडशीट सोडायची.

पाचवी पायरी: ऑक्टेव्ह किंवा पायथन

कोकणातल्या वाचकांना एक सूचना आधी. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या वह्या (नोटबुक) सोयीच्या असतात, पण जुलैत लाईट आणि नेट दोन्ही एकदम जातात. साधन लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि वायफाय बंद करून एकदा चालवून बघा.

ऑक्टेव्ह हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मॅट्रिक्स, म्हणजे आपल्यासारखा संख्यांचा तक्ता, लिहायला सर्वांत सोपं. तक्ता जसाच्या तसा लिहा, त्याला तासांनी गुणा आणि 'एक्सपीएम' हे फंक्शन लावा. सुरुवातीची १, ०, ० ही ओळ त्या उत्तराने गुणली की त्या वेळच्या शक्यता मिळतात. पायथनमध्ये हेच काम सायपाय या गणिताच्या पॅकेजच्या रेषीय बीजगणिताच्या भागातलं 'एक्सपीएम' करतं. इथे एक चूक इतक्या जणांना करताना पाहिली आहे की वेगळी लिहितो: 'एक्सपी' आणि 'एक्सपीएम' या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं फंक्शन तक्त्यातल्या प्रत्येक संख्येचा सुटा घातांक काढतं, दुसरं पूर्ण मॅट्रिक्सचा. पहिलं वापरलं तरी संगणक कुरकुर करत नाही, फक्त खोटं उत्तर देतो.

दीर्घकालीन उत्तर हवं असेल तर घातांकाची गरज नाही. शक्यतांची ओळ गुणिले तक्ता बरोबर शून्य, आणि शक्यतांची बेरीज एक. ही समीकरणं सोडवायची. तक्त्याचा एक स्तंभ काढून तिथे सगळे १ भरायचे आणि उजव्या बाजूला त्या जागी १ ठेवायचा, ही जुनी युक्ती. ऑक्टेव्हमध्ये 'क्यूइंग' नावाचं पॅकेज आहे, ते या प्रकारच्या साखळ्यांसाठी तयार फंक्शनं देतं, अगदी बंद पडेपर्यंतचा सरासरी वेळ काढण्यासाठीसुद्धा. आर ही संख्याशास्त्राची भाषा वापरणाऱ्यांसाठी 'मार्कोव्हचेन' आणि 'एक्सपीएम' ही पॅकेजं आहेत.

दर एकमेकांपासून फार लांब असतील, म्हणजे एक सेकंदांतला आणि एक वर्षांतला, तर शक्यता काळानुसार कशा बदलतात हे सांगणारी अवकल समीकरणं सोडवताना सायपायची मूळची पद्धत रखडते. तिथे त्यातल्याच 'बीडीएफ' किंवा 'राडाउ' या पद्धती निवडा. मोठ्या मॉडेलांसाठी एकरूपीकरण नावाची पद्धत आहे: सगळ्या अवस्था एकाच वेगाच्या ठोक्यांवर चालवायच्या आणि शक्यता ठोक्याठोक्याने पुढे न्यायची. जेन्सन यांनी ती १९५३ साली मांडली आणि आजचं बरंचसं सॉफ्टवेअर आतून तीच वापरतं.

प्रश्न कुठला विचारताय?

इथे थोडं रेंगाळतो, कारण साधनं बदलली तरी हा घोटाळा तोच राहतो. 'उपलब्धता' म्हणजे कुठल्याही क्षणी डोकावलं तर कारखाना चालू सापडण्याची शक्यता. आपल्या उदाहरणात ती ९९.५५ टक्के. 'विश्वसनीयता' म्हणजे या अवधीत एकदाही पूर्ण बंद न पडण्याची शक्यता. ती काढताना 'शून्य चालू'कडून परत येणारा बाण खोडायचा: तिथे पोचलात की गोष्ट संपली. अशा अवस्थेला शोषक अवस्था म्हणतात.

बाण खोडून गणित केलं तर पहिल्यांदा पूर्ण बंद पडेपर्यंतचा सरासरी वेळ ११,५०० तास येतो. आणि ७,२९६ तासांचा हंगाम एकदाही पूर्ण बंद न पडता पार पडण्याची शक्यता? सुमारे ५३ टक्के. तीच यंत्रं, तोच मेकॅनिक, एका प्रश्नाला ९९.५५ आणि दुसऱ्याला ५३. विक्रेता तुम्हाला पहिला आकडा सांगेल. ट्रॉलरवाला दुसरा अनुभवेल. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दोन्ही बटणं शेजारी असतात, कुठलं दाबताय ते बघा.

बिघाडाची शक्यता फारच लहान असेल तेव्हा ती 'एक वजा विश्वसनीयता' अशी काढू नका, बिघडलेल्या अवस्थांच्या शक्यता थेट बेरजेने घ्या. वजाबाकीत शेवटचे अंक गळतात.

सहावी पायरी: अवस्था वाढल्या की

दहा भाग असलेल्या यंत्रणेत, प्रत्येक भाग चालू किंवा बंद, १,०२४ अवस्था होतात. वीस भागांच्या यंत्रणेत दहा लाखांवर. हा तक्ता हाताने कोणी भरणार नाही. इथून पुढची साधनं अवस्था स्वतः तयार करतात, तुम्ही फक्त नियम लिहायचे.

माझं आवडतं प्रिझम. मार्टा क्वियात्कोव्स्का, गेथिन नॉर्मन आणि डेव्हिड पार्कर यांच्या गटाने ते बर्मिंगहॅम विद्यापीठात सुरू केलं, पुढे ऑक्सफर्डमध्येही वाढवलं. फुकट, मुक्तस्रोत, जावावर चालतं. मामाचा कारखाना त्यात इतकाच लिहावा लागतो: 'चालू' नावाचा एक चल, ० ते २, सुरुवातीला २. पहिला नियम: चालू शून्यापेक्षा जास्त असेल तर 'चालू गुणिले लॅम्डा' या दराने एकने कमी कर. दुसरा: चालू दोनपेक्षा कमी असेल तर म्यू दराने एकने वाढव. दोन मेकॅनिक हवे असतील तर दुसऱ्या नियमातल्या म्यूला 'दोन वजा चालू' ने गुणायचं. झालं. उद्या मामानं दहा कॉम्प्रेसर घेतले तर फक्त २ चा १० करायचा. प्रश्न विचारण्याची त्याची स्वतःची छोटी भाषा आहे: दीर्घकाळात अमुक अवस्थेत असण्याची शक्यता किती, अमुक तासांच्या आत तिथे पोचण्याची शक्यता किती. शिवाय एखादा दर बदलत नेऊन आलेख काढून मिळतो, आणि व्यवहारात हाच सर्वांत उपयोगी भाग ठरतो.

जर्मनीतल्या आखेन इथे तयार झालेलं स्टॉर्म प्रिझमचीच भाषा वाचतं आणि मोठ्या मॉडेलांवर बरंच वेगवान आहे, पण विंडोजवर थेट बसत नाही, डॉकरची, म्हणजे सॉफ्टवेअर बंद डब्यात घालून चालवण्याच्या सोयीची, वाट धरावी लागते. सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

शार्प हे नाव विश्वसनीयतेच्या क्षेत्रात जुनं आणि मानाचं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रॉबिन साहनर आणि किशोर त्रिवेदी यांनी ते घडवलं; त्रिवेदी मूळचे मुंबई आयआयटीचे विद्यार्थी. त्याची खुबी अशी की मार्कोव्ह साखळी, दोषवृक्ष (कुठले छोटे बिघाड मिळून मोठा बिघाड होतो याची झाडासारखी आकृती) आणि विश्वसनीयतेचे ठोकळे (यंत्रणा चालायला कुठले भाग चालू हवेत याची ठोकळ्यांची आकृती) ही तिन्ही एकाच मॉडेलमध्ये एकात एक बसवता येतात. म्हणजे मेकॅनिकसाठी थांबण्याचा भाग मार्कोव्हने सोडवायचा, आणि आलेलं उत्तर वरच्या दोषवृक्षात एक पान म्हणून लावायचं. अवस्थांचा डोंगर होत नाही. साधन हाती नसलं तरी ही विभागणीची युक्ती उचला.

नासाच्या लँगली केंद्रातून शुअर आणि असिस्ट ही जोडी आली. असिस्टमध्ये नियम लिहायचे, ते अवस्था तयार करतं. शुअर यंत्रणा निकामी होण्याच्या शक्यतेची वरची आणि खालची मर्यादा देतं. विमानाच्या नियंत्रणयंत्रणेत ताशी अब्जात एक अशा प्रमाणाचं बोलणं असतं, तिथे मर्यादांच्या भाषेत बोलणंच शहाणपणाचं. बर्फाच्या कारखान्याला हे जरा जास्तच होतं.

मोबियस हे इलिनॉय विद्यापीठाचं, ग्रेटएसपीएन ट्युरिनचं. दोन्हींत पेट्री जाळ्यासारख्या, म्हणजे टोकन एका जागेवरून दुसरीकडे सरकवणाऱ्या, आकृत्या काढून त्यातून मार्कोव्ह साखळी मिळवता येते. ज्यांना रांगा आणि टोकन यांच्या भाषेत विचार करायला आवडतं त्यांनी बघावीत. विकत मिळणाऱ्यांत आयसोग्राफचं रिलायबिलिटी वर्कबेंच, रिलायासॉफ्टचं ब्लॉकसिम, आयटेम टूलकिट आणि फ्रान्सकडचं ग्रिफ ही नावं कानावर येतील. गोल काढा, बाण ओढा, दर लिहा, अहवाल छापा: काम सोपं आणि खर्च भारी. एखाद्या मोठ्या प्रकल्पात सुरक्षिततेचा अहवाल द्यायचा असेल, मार्कोव्ह तंत्रांसाठीचं आयईसी ६११६५ हे मानक पाळल्याचं दाखवायचं असेल, तर कंपनी ते घेईलच. शिकण्यासाठी स्वतःच्या खिशातून घेऊ नका.

सातवी पायरी: मॉडेलला खोटं ठरवून बघा

आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९०६ साली या साखळ्या मांडल्या आणि १९१३ मध्ये एका रशियन काव्यातली २०,००० अक्षरं घेऊन, स्वरांमागून व्यंजनं कशी येतात ते हाताने मोजलं. आपण वापरतो ती सलग काळाची समीकरणं कोल्मोगोरोव्ह यांची, १९३१ ची. दोघांचीही मूळ अट एकच: पुढे काय होणार हे आत्ताच्या अवस्थेवर ठरतं, इथवर कसे आलो त्यावर नाही. कोकणात ही अट तीन ठिकाणी मोडते.

एक, खारी हवा. कंडेन्सरच्या नळ्या वर्षागणिक गंजतात, बिघाडाचा दर वाढत जातो. दोन, दुरुस्ती. आपल्या मॉडेलमध्ये ५० तासांची दुरुस्ती कधीकधी पाच मिनिटांतही संपते. कोल्हापूरहून येणारा माणूस पाच मिनिटांत पोचत नाही. उपाय सोपा आहे: 'एक चालू' ही अवस्था दोन तुकड्यांत तोडा, 'मेकॅनिक वाटेत' आणि 'काम चालू', प्रत्येकी सरासरी २५ तास. 'शून्य चालू'चेही तसेच दोन तुकडे करा, नाहीतर दुसरं यंत्र मधेच पडलं की मेकॅनिक कुठवर आला होता हे मॉडेल विसरतं. तीन, ऋतू. घाट बंद असण्याचे दिवस आणि कोरडे दिवस यांचे दर वेगळे. मग दोन तक्ते करा, आधी पहिला तितके तास चालवा, आलेली ओळ दुसऱ्याला सुरुवात म्हणून द्या. बंदीच्या दोन महिन्यांत मामा दोन्ही यंत्रं खोलून साफ करतो, त्यामुळे ऑगस्टची सुरुवात पुन्हा १, ०, ० अशी धरता येते. स्प्रेडशीटमध्ये हे दहा मिनिटांचं काम आहे. काही महागड्या साधनांत मेनू शोधण्यातच तेवढा वेळ जातो.

आणि वीज. वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, किनाऱ्यावर विजांचा जोर असतो. मामाच्या दोन्ही कॉम्प्रेसरचे स्टार्टर एकाच पॅनेलवर आहेत. दाब एकदम उसळला तर दोन्ही जातील. म्हणून आणखी एक बाण: 'दोन चालू'कडून थेट 'शून्य चालू'कडे. वहीत अशी घटना नव्हती, पण वर काढलेली मर्यादा ०.०००४ होती, म्हणून मी त्यापेक्षा सौम्य ०.०००१ धरला, म्हणजे साधारण चौदा महिन्यांतून एकदा. 'एक चालू'कडून 'शून्य'कडे जाणाऱ्या बाणातही तो मिळवायला विसरू नका, तो ०.००११ होतो. दर इतका लहान की मला वाटलं उत्तर जेमतेम हलेल. हंगामातले ३३ तास थेट ७० झाले.

मामासमोर ठेवलेला तक्ता

शेवटी निर्णय घेणाऱ्याला मॉडेल दाखवू नका, पर्याय दाखवा. मामाच्या डोक्यात दोन पर्याय होते. पहिला, मालवणातल्या दुसऱ्या मेकॅनिकशी वार्षिक करार. दुसरा, व्हॉल्व्ह, गास्केट, बेअरिंग असे सुटे भाग देवगडातच ठेवायचे, म्हणजे दुरुस्ती ५० ऐवजी ३० तासांत. प्रिझममध्ये दोन्ही चालवले, आणि ताळा म्हणून हातानेही काढले.

वीज विसरून: आहे तसं ३३ तास, दुसरा मेकॅनिक घेतला तर १६.५, सुटे भाग ठेवले तर १२.४. सुटे भाग सरळ जिंकतात. हेच मी आठवडाभर आधी सांगून मोकळा झालो असतो.

विजेचा बाण घालून: आहे तसं ७०, दुसरा मेकॅनिक ३५.४, सुटे भाग ३४.७. आता दोघांत निवडण्यासारखं काही उरलं नाही, आणि दोन्हींपैकी काहीही केलं तरी वीज विसरून काढलेल्या आजच्या ३३ तासांपाशीच येऊन थांबतो.

मामानं कागद उलटसुलट करून पाहिला. सुट्या भागांची यादी बाजूला ठेवली, फोन उचलला आणि वायरमनला सांगितलं, "उद्या ये. आधी अर्थिंगचो खड्डो उघडून बघूया, मगे पॅनेल वायला करूया."